शीतन माध्यमे, पोलादी हत्यारांची
छिन्नी, पटाशी, चाकू यांसारखी पोलादी हत्यारे कठीण करण्यासाठी लाल तापवून ज्या द्रवात वा वायूत झटकन थंड करतात, त्यास शीतन माध्यम म्हणतात. लोहारकामात या क्रियेस ‘पाणी देणे’ म्हणतात. मात्र माध्यम नेहमी पाणीच असते असे नाही.

साधे हत्यारी पोलाद (कार्बन ०·८ ते १·२%) सु. ७६० ते ८००° से. पर्यंत तापविल्यास त्यात ऑस्टेनाइट तयार होते व पोलाद चुंबकास चिकटेनासे होते. ते पुरेशा वेगाने थंड केल्यास अतिशय कठीण असे मार्टेन्साइट बनते. वेग कमी पडल्यास तुलनेने मऊ पर्लाइट मिळते. मार्टेन्साइट बनताना आकारमान वाढते. पृष्ठभाग व गाभा यांत ही वाढ एकाच वेळी होत नसल्याने अंतर्गत ताण निर्माण होतात आणि हत्यार वाकते किंवा तडकते. म्हणून ज्यात पोलाद पूर्ण कठीण होते, अशा माध्यमांपैकी सर्वांत सौम्य माध्यम निवडावे.

मिठाचे पाणी, साधे पाणी, तेल व हवा असा तीव्रतेचा उतरता क्रम आहे. साध्या पाण्यात तप्त पृष्ठभागाभोवती वाफेचे आवरण बनून मऊ डाग राहू शकतात. ५ ते १०% मिठामुळे हे आवरण लवकर फुटते. पाणी गरम झाल्यास त्याची शीतनक्षमता घटते. याउलट तेल ५० ते ६०° से. पर्यंत गरम केल्यास पातळ होऊन अधिक चांगले काम देते.

कानशीसारख्या साध्या कार्बन पोलादाच्या जाड हत्यारास पाणी, तर त्याच्याच पातळ पात्यास तेल योग्य ठरते. मोटारीच्या कमानपाट्याचे मिश्र पोलाद तेलात कठीण होते. पोलादाचा प्रकार माहीत नसल्यास त्याचा छोटा तुकडा प्रथम तेलात थंड करून त्यावर कानस चालवावी. ती घसरल्यास तेल पुरेसे आहे. ती पोलाद कापू लागल्यास दुसरा तुकडा पाण्यात थंड करून पहावा.

तेल झाकणाच्या धातुपात्रात, उघड्यावर वापरावे. त्यात पाणी राहिल्यास त्याची वाफ होऊन पेटते तेल बाहेर उसळते. वापरलेल्या एंजिन तेलाचा धूर अपायकारक असल्याने ते टाळावे.

कठीण केलेले हत्यार ठिसूळ असते व घाव बसताच त्याची कपची उडून डोळ्यास इजा होऊ शकते. म्हणून ते लगेच पुन्हा तापवितात. घासलेल्या पृष्ठभागावर चाकूसाठी पिवळसर (सु. २३०° से.) व छिन्नीसाठी जांभळट (सु. २८०° से.) रंग येईपर्यंत तापविणे पुरेसे होते.