लिनक्सवरचं एज: ऐकीव किती, खरं किती

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेट्स थांबली. जुना प्रोसेसर असेल किंवा टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसेल, तर विंडोज ११ त्या संगणकावर अधिकृतपणे बसत नाही. मग धडधाकट संगणक भंगारात का काढायचा, उबुंटू किंवा मिंटसारखं लिनक्स टाकू या, हा विचार रत्नागिरीतही होतो. त्यावर मारुती मंदिर परिसरातल्या दुकानापासून एमएस-सीआयटीच्या वर्गापर्यंत कुठेही एक शंका निघतेच: "पण लिनक्सवर मायक्रोसॉफ्टचं एज ब्राउझर थोडंच चालणार?"

चालतं, आणि तेही अधिकृतपणे. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२०मध्ये घोषणा केली, ऑक्टोबरमध्ये चाचणी आवृत्ती दिली आणि नोव्हेंबर २०२१मध्ये पक्की आवृत्ती आणली. पहिल्या चाचणी आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिनसुद्धा करता येत नव्हतं, कारण ती मुख्यतः वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी होती. त्यांना आपली साइट एजमध्ये कशी दिसते हे लिनक्सवरच तपासायचं होतं.

"लिनक्सचा द्वेष करणारी कंपनी एकदम कशी बदलली?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना २००१ साल आठवत असतं. तेव्हा कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. पण एकदम काही झालेलं नाही. कंपनीचं व्हीएस कोड हे प्रोग्रॅमिंगचं संपादक सॉफ्टवेअर २०१५मध्येच लिनक्सवर आलं, २०१६मध्ये कंपनी लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली. तिच्या अझूर या क्लाउड सेवेवर ग्राहक मोठ्या प्रमाणात लिनक्सच चालवतात. हे प्रेमापेक्षा धंद्याचं गणित आहे, आणि त्यात वावगं काही नाही. लिनक्स ज्या घराण्यातलं त्या युनिक्सच्या घराण्यात मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर शिरण्याची ही पहिली वेळही नव्हे. नव्वदीच्या दशकात इंटरनेट एक्सप्लोरर सोलारिस आणि एचपी-यूएक्स या युनिक्स प्रणालींवर मिळत असे.

सर्वांत महागात पडू शकणारा गैरसमज याच एक्सप्लोररचा आहे. अनेकांना एज म्हणजे त्याचंच नवं नाव वाटतं. म्हणून कुठली जुनी कार्यालयीन साइट "फक्त एक्सप्लोररमध्ये उघडा" म्हणाली, की लिनक्सवर एज टाकून काम होईल अशी आशा धरतात. होणार नाही. २०१५चं पहिलं एज स्वतःच्या वेगळ्या इंजिनावर होतं. जानेवारी २०२०पासूनचं एज क्रोमियमवर, म्हणजे गूगल क्रोमच्याच पायावर उभं आहे. एज जुन्या साइट्स उघडतं ते आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोडमधून, आणि तो मोड विंडोजच्याच आतले भाग वापरतो. लिनक्सवर ते भागच नाहीत, त्यामुळे मोडही नाही. ई-निविदेसाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावणाऱ्या कंत्राटदारांनीही ब्राउझर बदलत बसू नये. त्या टोकनचं लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळतं का, हे आधी विक्रेत्याला विचारावं.

क्रोमियम मुक्तस्रोत आहे म्हणून एजही मुक्त, हे अर्धसत्य. पाया खुला आहे, वर चढवलेला मायक्रोसॉफ्टचा भाग बंद. एज फुकट मिळतं, पण त्याचा पूर्ण स्रोत तुम्हाला पाहता येत नाही. हे ज्याला खुपतं त्याच्यासाठी उबुंटूत फायरफॉक्स आधीपासूनच असतो. माझ्या मते घरच्या वापराला तो पुरेसा आहे. एजची खरी गरज पडते ती कार्यालयाचं मायक्रोसॉफ्ट खातं आणि त्याचे नियम पाळावे लागणाऱ्यांना.

मराठीचं काय? "लिनक्सवर जोडाक्षरं तुटतात" ही तक्रार जुनी आहे. युनिकोड मजकूर असेल आणि लोहित किंवा नोटोसारखा देवनागरी फॉण्ट बसवलेला असेल, तर 'र्‍हास' आणि 'ज्ञ' एजमध्येही नीट दिसतात. अगम्य अक्षरं दिसतात ती श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉण्टांच्या काळात टाइप केलेल्या मजकुराची. त्या मजकुरात मुळात युनिकोड नसतोच, त्यामुळे त्याचा मूळ फॉण्ट नसेल तर विंडोजवरही तीच गत.

बसवणं अवघड नाही. उबुंटू आणि मिंटसाठी डेब फाइल, फेडोरासाठी आरपीएम. पुढची अपडेट्स इतर सॉफ्टवेअरबरोबरच येतात. मात्र आधी संगणक ६४ बिटचा आहे ना, ते बघा. ३२ बिट लिनक्ससाठी एज मिळत नाही.