परराज्यात जनावरे नेताना : दाखले व आरोग्याची पूर्वतयारी

पालघर जिल्ह्यातील पोशेरा व मोखाडा तालुक्यातील इतर गावे अशा मुलखात आहेत की, एका अंगास नाशिक जिल्हा लागतो आणि जव्हारच्या बाजूने पुढे गेले म्हणजे दादरा व नगर हवेली आणि गुजरात राज्य यांची हद्द येते. वारली व कोकणा समाजाची वस्ती या हद्दीच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे सोयरिकींप्रमाणे बैलांची देवघेवही दोन्हीकडे चालावी, हे स्वाभाविकच होय. त्यातही डांगी बैल अतिवृष्टीच्या डोंगराळ मुलखास विशेष मानवतो. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो व त्यायोगे पावसाचे पाणी अंगावर ठरत नाही. खुरेही काळी व टणक असतात. भाताच्या चिखलणीस असा बैल हवा, म्हणून शेतकरी घोटीच्या बाजारापर्यंत जातो.

परंतु बैल पारखण्यात जितकी दक्षता घेतली जाते, तितकी त्याच्या कागदपत्रांत घेतली जात नाही. निघावयाच्या दिवशी सकाळी दाखल्यासाठी दवाखान्यात जाणे म्हणजे उशीर झालाच असे समजावे. कारण या कामात कागद मिळविण्यापेक्षा त्यांचा क्रम राखणे अवघड असते. आधी जनावराची ओळख, मग लस, मग काही आठवड्यांचा अवधी आणि सर्वांच्या शेवटी आरोग्याचा दाखला, असा तो क्रम आहे.

ओळख म्हणजे कानातील पिवळा बिल्ला. त्यावर बारा अंकी क्रमांक असतो व त्या क्रमांकावर जनावराची जात, वय, लसी आणि मालकाचे नाव यांची नोंद ‘भारत पशुधन’ या संगणकीय प्रणालीत होते. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ला नसलेल्या जनावरांची वाहतूक व खरेदी-विक्री करण्यास मनाई आहे. ग्रामपंचायतीच्या विक्रीच्या दाखल्यावरही हा क्रमांक हवा. येथे एक चूक फार वेळा होते. बैल विकला जातो, पैसे चुकते होतात, पण बिल्ल्याच्या नोंदीत नाव जुन्याच मालकाचे राहते. पुढे वाटेत तपासणी झाली, तर नव्या मालकास बैल आपला असल्याचे पटविणे कठीण जाते. यास्तव सौदा होताच नाव बदलून घ्यावे.

बिल्ल्यानंतर लस. लाळ्या खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी टोचावी लागते. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी. गाई-म्हशींच्या मादी वासरांस चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदाच दिली जाते. शेळ्या न्यावयाच्या असल्यास पीपीआरची लस पाहावी. लस टोचली म्हणजे जनावर लगेच सुरक्षित झाले असे नव्हे. अंगी प्रतिकारशक्ती येण्यास साधारणतः दोन ते तीन आठवडे लागतात. २०२२ साली लंपी चर्मरोगाची साथ आली, तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले व गोवंशाची वाहतूक थांबवावी लागली, हे शेतकरी बंधूंस आठवत असेलच. हा रोग डास, माश्या व गोचीड यांच्यामार्फत पसरतो. वरून धडधाकट दिसणारे जनावरही तो बरोबर आणू शकते आणि ऐन लावणीच्या तोंडावर गावातील औते उभी राहतात.

हा क्रम केवळ बैलांपुरता नाही. मुंबईहून युरोपात पाळीव कुत्रा नेणाऱ्यासही याच वाटेने जावे लागते. प्रथम कातडीखाली ओळखीची सूक्ष्म चकती, त्यानंतर रेबीजची लस, निदान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी आणि ती समाधानकारक ठरल्यास रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबणे. जपानात ही प्रतीक्षा एकशे ऐंशी दिवसांची आहे. चकतीपूर्वी टोचलेली लस युरोपात धरली जात नाही. कारण ती याच कुत्र्यास टोचली याचा पुरावा उरत नाही. बिल्ल्याविना टोचलेल्या बैलाची गत काही निराळी नाही.

दाखला पात्र पशुवैद्यकाकडूनच घ्यावा. जनावर प्रवासास योग्य आहे व त्यास संसर्गजन्य रोग नाही, असे त्यात नमूद असते. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे हा दाखला नसल्यास वाहनवाल्याने माल स्वीकारू नये. एका मालमोटारीत सहापेक्षा अधिक गुरे भरू नयेत आणि सोबत एक माणूस असावा. पायी न्यावयाचे अंतर पाच किलोमीटर किंवा अधिक असल्यास २००१ चे नियम लागू होतात. सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर जनावरे हाकू नयेत. डांबरी रस्त्याने न्यावयाच्या जनावरांस पत्र्या ठोकलेल्या असाव्यात. लंगडे, आजारी किंवा वाटेत विण्याचा संभव असलेले जनावर मुळीच काढू नये.

महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाची २०१५ साली अंमलात आलेली दुरुस्ती गाय, वळू व बैल यांच्या कत्तलीस व त्यासाठी होणाऱ्या वाहतुकीस मनाई करते. शेतीसाठी बैल नेणाऱ्याने म्हणून खरेदीची पावती, ग्रामपंचायतीचा दाखला व सातबाऱ्याची प्रत जवळ बाळगणे इष्ट होय. हद्दीपलीकडील प्रशासनाने रोगराईच्या काळात काही निर्बंध घातले आहेत किंवा कसे, याची विचारपूस ग्रामसेवकांनी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत आधीच करून ठेवावी. शेतकऱ्याचा एक हेलपाटा वाचतो, आणि मोखाड्यासारख्या तालुक्यात हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी.

जनावर घरी आल्यावर त्यास सुमारे चार आठवडे गावच्या कळपापासून निराळे बांधावे. पाणी पिण्याची भांडी वेगळी ठेवावीत व अंगावरील गोचीड काढून टाकावेत. या मुदतीत ताप आला, लाळ गळू लागली किंवा अंगावर गाठी दिसल्या, तर जनावर जागेवरून न हलविता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे.