भिंतीतला कान कोणी शोधायचा?

(एकलहरे येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आहेत.)



लांबून चिमण्या दिसायला लागल्या की एकलहरे आलं हे कळतं. तुमच्यापैकी अनेकांचं आयुष्य या केंद्राच्या पाळ्यांमध्ये गेलंय, त्यामुळे वीज कशी तयार होते हे मी तुम्हाला सांगायला नको. मला बोलायचंय ते जरा वेगळ्या गोष्टीवर. इथल्या २१० मेगावॅटच्या संचांनी किती वीज द्यायची, हे एकलहऱ्यात ठरत नाही. ते ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून सांगितलं जातं, आणि इथं त्याप्रमाणे भार वाढतो किंवा कमी होतो. म्हणजे विजेच्या तारेबरोबर माहितीची एक तार सतत चालू असते. त्या तारेला कोणी कान लावून बसलं असेल, तर ते शोधायचं कोणी?

आपण म्हणतो, भिंतीलाही कान असतात. हा कान शोधण्याचं एक शास्त्र आहे. त्यात रेडिओवाले लागतात, संगणकवाले लागतात, धातू आणि प्लास्टिक ओळखणारे लागतात. ही सगळी माणसं एका खात्यात कधीच नसतात, आणि खरी अडचण तिथंच आहे.

एक जुना किस्सा सांगतो. ऑगस्ट १९४५. मॉस्कोमध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेचे राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. राजदूतांच्या निवासस्थानी ती भिंतीवर लागली आणि तब्बल सात वर्षं तिथंच राहिली. त्या लाकडाच्या आत एक ऐकणारं यंत्र होतं. त्याला ना बॅटरी, ना वायर. बाहेरून विशिष्ट रेडिओ लहर सोडली की ते जागं व्हायचं, लहर बंद केली की मुकं. त्यामुळे खोली तपासायला येणाऱ्यांना काहीच सापडायचं नाही. ते बनवलं होतं लेव थेरेमिन या शास्त्रज्ञाने.

आता ते पकडलं कसं गेलं, ते बघा. आधी एका ब्रिटिश रेडिओ ऑपरेटरला हवेत अमेरिकन माणसांचं बोलणं ऐकू आलं. मग १९५२ मध्ये अमेरिकेच्या तपासनिसांनी ती मुद्रा उघडली. पण हातात आलेली वस्तू चालते कशी, हे त्यांना कळेना. ते उलगडलं मार्कोनी कंपनीतल्या पीटर राइट या ब्रिटिश इंजिनिअरने. ऐकलं एकाने, शोधलं दुसऱ्याने, समजलं तिसऱ्याला. तिघांचं एकमेकांशी बोलणं झालं नसतं तर ती मुद्रा आणखी किती वर्षं भिंतीवर राहिली असती, कोण जाणे.

आता आपल्याकडे येऊ. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आजूबाजूच्या परिसराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचा काळ, रुग्णालयं जनरेटरवर. पुढच्या वर्षी, २८ फेब्रुवारी २०२१ ला, रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. भारताच्या वीज यंत्रणेत चीनशी संबंधित एक गट शिरकाव करत असल्याचं त्यात म्हटलं होतं. त्या गटाला त्यांनी नाव दिलं रेडएको. दुसऱ्या दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मुंबईची वीज गेली ती मानवी चुकीमुळे. सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. खुद्द त्या कंपनीनेही, मुंबईच्या घटनेशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही, असंच लिहिलं होतं.

कोण बरोबर होतं, या वादात मी आज पडत नाही. मला त्याच दिवसांतल्या केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या निवेदनातल्या दोन तारखा महत्त्वाच्या वाटतात. देशाची ग्रिड चालवणाऱ्या पोसोकोला, जिचं नाव आता ग्रिड-इंडिया आहे, शॅडोपॅड या मालवेअरबद्दल सर्ट-इनचा मेल आला १९ नोव्हेंबर २०२० ला. आणि रेडएको हा गट तेच शॅडोपॅड वापरून धोका निर्माण करतोय, हा एनसीआयआयपीसीचा मेल आला १२ फेब्रुवारी २०२१ ला. मालवेअर एकच, सांगणाऱ्या संस्था दोन, आणि मध्ये जवळपास तीन महिने. सांगितलेले पत्ते बंद केले, संगणक तपासले, असं मंत्रालयाने नमूद केलं. म्हणजे काम झालं नाही असं नाही. पण एकाला वस्तू दिसली होती आणि दुसऱ्याला तिच्यामागचा हात, हे यातून दिसतं.

या संस्था कोण, हे थोडक्यात. सर्ट-इन २००४ पासून आहे, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली. एनसीआयआयपीसी २०१४ ची. वीज, बँका, दूरसंचार अशा कळीच्या यंत्रणा राखते आणि एनटीआरओ या गुप्त तांत्रिक संस्थेचा भाग आहे. पोसोको ऊर्जा मंत्रालयाखाली. पोलीस राज्याचे. संशोधन आणखी वेगळीकडे: पुण्यात सीडॅक, मुंबईत रेडिओ आणि मायक्रोवेव्हवर काम करणारी समीर, वीज उपकरणांसाठी बंगळुरूची सीपीआरआय. तुमच्या जवळच, शिलापूरला, त्याच सीपीआरआयची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे.

मग या सगळ्यांना एकत्र का नाही बांधत? आळस हे त्याचं कारण नाही. या विषयातच एक पेच आहे. एखादा छुपा कान आपण कसा शोधतो, हे सगळ्यांना सांगितलं तर शत्रूलाही कळतं, आणि तो पुढचा कान वेगळ्या पद्धतीने बसवतो. नाही सांगितलं, तर कंट्रोल रूममध्ये बसलेल्या आपल्याच माणसाला कळत नाही. समन्वय करणाऱ्याचं काम म्हणजे काय, तर कोणाला किती आणि किती लवकर सांगायचं हे ठरवणं.

ते ठरवण्याची जबाबदारी कोणाची, हेही बराच काळ विखुरलेलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कामकाजाच्या नियमांत बदल केला आणि सायबर सुरक्षेच्या एकूण समन्वयाचं काम राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयाकडे दिलं. गुन्हे गृह मंत्रालयाकडे, दूरसंचाराची सुरक्षा दूरसंचार विभागाकडे, अशी वाटणी झाली. कागदावर चित्र स्पष्ट झालं. आता ते जमिनीवर उतरतं का, हे बघायला एक साधी वस्तू घेऊ. ती या हॉलच्या बाहेरही असेल: सीसीटीव्ही कॅमेरा.

पाळत ठेवायला आपणच बसवलेलं हे यंत्र. २०२१ मध्ये, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री आणि अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी लोकसभेत सांगितलं, की सरकारी संस्थांमधले सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत. एप्रिल २०२२ मध्ये त्याच रेकॉर्डेड फ्यूचरचा दुसरा अहवाल आला: लडाख सीमेजवळच्या उत्तर भारतातल्या किमान सात भार प्रेषण केंद्रांना लक्ष्य केलं गेलं. आणि हल्लेखोरांनी आपले हुकूम पोचवायला काय वापरलं? इंटरनेटला जोडलेले, ताब्यात घेतलेले आयपी कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर. राखणदारालाच फितवलं म्हणा ना. हे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत, असं सरकारने सांगितलं.

एप्रिल २०२४ मध्ये नियम आला: देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याची सुरक्षा चाचणी व्हायलाच हवी. आतली यंत्रणा, फर्मवेअर, सोर्स कोड, सुटे भाग कुठून आले, सगळं प्रयोगशाळेत तपासायचं. अंमल सुरू झाला ९ एप्रिल २०२५ ला. वीज क्षेत्रात तर २ जुलै २०२० लाच आदेश निघाला होता, की आयात केलेल्या उपकरणांत मालवेअर दडलेलं नाही ना, याची देशात चाचणी करा. चांगलं आहे. पण विक्रीचा नियम नव्या मालाला लागतो. आधीच भिंतीवर असलेला कॅमेरा कोण तपासणार? तो कोणत्या खात्याने, कोणत्या निविदेत, कोणत्या ठेकेदाराकडून घेतला, याची नोंद ज्याच्याकडे आहे तोच. म्हणजे साखळीचा शेवटचा दुवा दिल्लीत नाही, इथं आहे.

म्हणून तुम्हाला दोनच गोष्टी सांगतो. पहिली: संशयास्पद यंत्र सापडलं तर घाईने फॉरमॅट करू नका, फेकू नका. १९८४ मध्ये मॉस्कोच्या वकिलातीतून अमेरिकेने ११ टन उपकरणं जशीच्या तशी मायदेशी नेली आणि एक्स-रे काढले, तेव्हा टाइपरायटरच्या आत बसवलेले हेर सापडले. तिथल्या तिथे पुसून टाकलं असतं तर काहीच कळलं नसतं. दुसरी: वर कळवा, आणि लगेच. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांत द्यायची असते. "साहेब रागावतील" म्हणून दाबून ठेवलेली चूक हाच शत्रूचा सगळ्यात मोठा मित्र. ज्या कार्यालयात कळवणाऱ्याला आधी नोटीस मिळते, तिथं कितीही संशोधन झालं तरी उपयोग नाही.

प्रश्न: आमच्या सोसायटीत कॅमेरे आहेत. काढून टाकायचे का?

नाही, काढू नका. पण बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड आजच बदला. फर्मवेअर अद्ययावत करून घ्या. घरबसल्या मोबाईलवर बघायची सोय खरंच लागते का, विचार करा. नको असेल तर इंटरनेटची जोडणी तोडा. आणि ऑफिसचे संगणक ज्या जाळ्यावर आहेत त्यावर कॅमेरे ठेवू नका.

प्रश्न: आणि कान सरकारनेच लावला असेल तर? तो कोणी शोधायचा?

अवघड पण रास्त प्रश्न आहे. पेगाससच्या वेळी हाच उभा राहिला. २७ ऑक्टोबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तिच्यात आयआयटी मुंबईचे अश्विन गुमास्ते होते. २९ फोन तपासले गेले. पाचांमध्ये मालवेअर आढळलं, पण ते पेगाससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, असं समितीने म्हटल्याचं न्यायालयात सांगितलं गेलं. यातून मी एवढंच घेतो, की तपासण्याचं ज्ञान फक्त सरकारी कुलपात असून चालत नाही. विद्यापीठांत आणि स्वतंत्र प्रयोगशाळांतही ते हवं. नाहीतर न्यायालयाने नेमायचं कोणाला?

वेळ झालाय, काहींना रात्रपाळीला जायचं असेल.