मळ्यांतील बिनतारी इंटरनेट व छपरावरील अँटेना

खिशांत मोबाईल नाहीं असा शेतकरी आपल्या जिल्ह्यांत आतां विरळाच. परंतु मळ्यांतील घरीं बसून त्या मोबाईलवर आपलें काम उरकतें असें सांगणारा शेतकरी राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा व चंदगड या डोंगरी तालुक्यांत अजून शोधावा लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद खातेदारानें स्वतः मोबाईलवरून करावी असा ई-पीक पाहणीचा क्रम राज्यभर सुरू झाला. पूर्वी हें काम तलाठी करीत. त्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. गांव नमुना बारांतील पिकाचा रकाना कोरा राहिला म्हणजे अतिवृष्टीनंतर नुकसानभरपाईच्या वेळीं खातेदार कसा अडून बसतो, हें आम्हीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे. मुदत संपत आली असतां मोबाईल हातांत उंच धरून बांधाबांधानें फिरणारा शेतकरी ही कांहीं चेष्टेची गोष्ट नव्हे. म्हणून घरावर बाहेरचा अँटेना लावून हा त्रास किती कमी होतो व किती होत नाहीं, याचा विचार येथें करावयाचा आहे.

टॉवर हा दूरच्या टेकडीवरील दिवा समजावा. आपण दुप्पट लांब गेलों कीं त्याचा उजेड निम्मा नव्हे, चौथाईच उरतो. बिनतारी लहरींचेंही तसेंच आहे. वाटेंत डोंगर आला तर त्याची सांवली पडते. घराच्या दगडी भिंती बऱ्याच लहरी खातात, आणि पत्र्याचें छप्पर तर या लहरींना ढालच होय. कौलारू घरांत जें थोडेंबहुत इंटरनेट मिळतें, तें पत्रा घालतांच नाहींसें होतें, ही पुष्कळांची तक्रार याच कारणामुळें आहे. शिरोळ, हातकणंगल्याच्या सपाटीवर डोंगर नाहींत, पण ऊंस आहे. पुरुषभर उंचीच्या वर गेलेला ओला ऊंस घरासभोंवतीं उभा असला कीं त्याचीं पानें लहरी शोषून घेतात. भाद्रपदांत रोडावलेलें इंटरनेट तोड झाल्यावर आपोआप सुधारतें, त्यांत कंपनीची कृपा नसते.

खर्च करण्यापूर्वीं मोजणी करावी. मोबाईलच्या सेटिंगमध्यें सिमकार्डाच्या माहितींत सिग्नलची शक्ति डीबीएम या मापांत दिलेली असते. राऊटरच्या पानावर हेंच माप आरएसआरपी या नांवानें सांपडतें. आंकडे उणे असतात. उणे ८५ म्हणजे चांगलें, उणे १०० म्हणजे मध्यम, आणि उणे ११० च्या पुढें गेलें कीं काम अडखळतें. या मापांत तीन अंकांचा फरक म्हणजे शक्ति दुप्पट किंवा निम्मी, व दहा अंकांचा फरक म्हणजे दसपट, एवढें ध्यानांत ठेवलें कीं पुरे. घरांत, ओसरीवर, माळवदावर, विहिरीच्या काठीं असे आंकडे वहींत टिपून ठेवावेत. भुदरगडाकडील आमच्या एका आप्तांच्या पत्र्याच्या घरांत उणे ११४ होतें आणि परसांतील शिडीच्या टोंकावर उणे ९९. पंधरा अंकांचा हा फरक म्हणजे सुमारें तीसपट शक्ति, आणि ती एक पैही न खर्चितां केवळ जागेमुळें मिळालेली.

अँटेनाची करामत आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. १९८७ सालीं दूरदर्शनवर रामायण लागे, तेव्हां एकानें छपरावर काड्यांचा अँटेना फिरवावा, दुसऱ्यानें खालून "आलं, आलं, गेलं!" म्हणून ओरडावें, हा देखावा गांवोगांव होता. तो अँटेना जपानांतील सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठांत शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनीं १९२६ सालीं पुढें आणलेल्या रचनेचा. मागची काडी लहरी परतविते, पुढच्या काड्या त्यांस मधल्या काडीकडे आणतात. चोहोंकडे सांडणारी शक्ति एका दिशेस गोळा होते. मात्र माळ्यावर पडलेला तो जुना अँटेना इंटरनेटला जोडूं पाहूं नये. काडीची लांबी लहरीच्या सुमारें निम्मी असावी लागते. दूरदर्शनच्या काड्या दीड हात व त्याहूनही लांब असत. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीस चार बोटें काडी पुरते. आपल्याकडे कंपन्या ८५०, ९००, १८००, २१००, २३०० अशा निरनिराळ्या पट्ट्यांवर काम करितात, म्हणून एकाच पट्टीच्या यागीपेक्षां लहानापासून मोठ्यापर्यंत काड्या असलेला 'लॉग पिरिऑडिक' जातीचा अँटेना सामान्य शेतकऱ्यास अधिक सोयीचा. चौथ्या पिढीचे राऊटर एकाच वेळीं दोन अँटेनांवर काम करितात. तेव्हां अँटेना दोन घ्यावेत, आणि ते एकमेकांशीं काटकोनांत तिरपे बसवावेत.

आतां मुख्य मुद्दा. बहुतेकांचा पैसा अँटेनांत नव्हे, केबलींत बुडतो. नदीवर मोटार बसवितांना आपण काय करितों? सक्शनचा पाइप होईल तितका आखूड ठेवितों आणि डिलिव्हरीचा पाइप हजार फूट नेतों. उलट केलें तर मोटार पाणी उचलीतच नाहीं. अँटेना ते राऊटर ही केबल म्हणजे सक्शन, आणि राऊटरपासून पुढें घरांत जाणारी तार म्हणजे डिलिव्हरी. बाजारांत अँटेनाबरोबर मिळणारी आरजी-५८ जातीची बारीक केबल २३०० मेगाहर्ट्झवर मीटरमागें सुमारें एक अंक गिळते. दहा मीटर केबल लावली कीं दहा अंक गेले, म्हणजे उंच खांब रोवून मिळविलेल्या शक्तीचा एक दशांश खालीं पोंचला. बोटाएवढी जाड एलएमआर-४०० केबल तेवढ्याच लांबींत दोन-सवादोन अंकच घेते, पण ती महाग. घरच्या डिशची केबल ७५ ओहमची असते, राऊटरला ५० ओहमची लागते. ती वापरूं नये. सर्वांत चांगली तोड ही कीं, राऊटरच पावसापासून बंदिस्त पेटींत खांबावर चढवावा, अँटेनाची केबल हात-दोन हातांची ठेवावी, आणि तेथून साधी इथरनेट केबल घरांत आणावी. ती शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते व योग्य साधन जोडल्यास तिच्यांतूनच वर वीजही जाते. जिओनें सप्टेंबर २०२३ पासून एअरफायबरसाठीं छपरावर जी पेटी बसविण्यास आरंभ केला, तिचें मर्म हेंच आहे.

दिशा ठरविण्यास मोबाईल व धीर या दोनच गोष्टी लागतात. टॉवर कोठें आहेत हें दूरसंचार खात्याच्या 'तरंग संचार' या स्थळावर पाहतां येतें. अँटेना एका वेळीं दहा-पंधरा अंशांहून अधिक फिरवूं नये. फिरवून दोन-तीन मिनिटें थांबावें, आंकडा टिपावा, मग पुढें सरकावें. जवळचा टॉवर टेकडीआड असेल तर खोऱ्यापलीकडचा दूरचा पण समोर दिसणारा टॉवर पुष्कळदां सरस ठरतो. डोळ्यास टॉवर दिसला म्हणजे झालें असें मात्र नाहीं. दोन किलोमीटरवरील टॉवरसाठीं मध्यावर दृष्टिरेषेच्या भोंवतीं सुमारें तीस फूट जागा या लहरी व्यापितात. त्यांत आमराई शिरली तरी तूट येते. म्हणून खांबाचे आणखी पांच फूट हे महागड्या अँटेनापेक्षां स्वस्त पडतात.

'बूस्टर' किंवा 'रिपीटर' म्हणून जें विजेवर चालणारें यंत्र बाजारांत कांहीं व्यापारी विकतात, त्यापासून वाचकांनीं दूर राहावें. अँटेना राऊटरची शक्ति केवळ एका दिशेस वळवितो. बूस्टर लहरी फुगवून पुन्हां फेंकतो आणि साऱ्या गांवाच्या टॉवरचें काम बिघडवितो. असें यंत्र परवान्याशिवाय बाळगणें १९३३ च्या बिनतारी कायद्यानें मना होतें, व २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेंही परवानगीचें तत्त्व कायम ठेवलें आहे. विकणारा हें सांगत नाहीं. यंत्र जप्त होतें तें घेणाऱ्याचें.

अँटेना नसलेला सिग्नल निर्माण करीत नाहीं. खांबाच्या टोंकावरही मोबाईल मुका असेल तर पैसे खर्चूं नयेत. आंकडा उणे ८५ असूनही संध्याकाळीं इंटरनेट मंदावत असेल, तर दोष टॉवरवरील गर्दीचा आहे, त्यास दुसऱ्या कंपनीचें सिमकार्ड हाच इलाज. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली भारतनेटची काचतार वस्तीपर्यंत मिळत असेल, तर हा सारा खटाटोप सोडून तीच घ्यावी.

खांब बसवितांना विजेच्या तारांपासून तो खांबाच्या उंचीहून अधिक अंतरावर असावा, म्हणजे वादळांत पडला तरी तारेवर पडणार नाहीं. वळवाच्या पावसांत विजा कडाडतात. खांबास स्वतंत्र अर्थिंग द्यावें, केबल घरांत शिरते तेथें लाइटनिंग अरेस्टर बसवावा, आणि गडगडाट ऐकूं येतांच राऊटरची जोडणी काढून ठेवावी. जोडांवर पाणी न शिरणारी रबरी पट्टी घट्ट गुंडाळावी, व केबल भिंतींत शिरण्यापूर्वीं तिला खालीं झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथेंच ठिबकून जाईल. गगनबावड्याच्या पावसांत उघडा जोड एक आषाढही काढीत नाहीं. डोंगरी भागांत वानरें आडव्या दांडीस लोंबकळून अँटेनाची दिशा फिरवितात. तेथें दांडी आखूड ठेवून नट दुहेरी आवळावेत, आणि खांबावर रंगानें दिशेची खूण करून ठेवावी.