दहाव्या महिन्यातलं ‘बाबाबा’

हेडफोन लावला की आधी बाळ ऐकूच येत नाही. ऐकू येते कुकरची शिट्टी, टीव्हीवरच्या मालिकेतलं भांडण, कुणीतरी धाडकन लावलेलं कपाट. त्या गदारोळाखालून मग सात महिन्यांच्या मुलाचा एक घोगरा आवाज येतो, पाठोपाठ एक चिरका, आणि मग ओठ फुरफुरवल्याचा. शेजारी बसलेली माझी वाचा-उपचारतज्ज्ञ मैत्रीण प्रत्येक आवाजाला एक कळ दाबते. गुरगुर. किंचाळी. फुर्र. नुसता स्वर. ढेकर, उचकी, शिंक सोडून द्यायची. रडणं आणि हसणं वेगळ्या रकान्यात. पाच मिनिटांचा तुकडा संपला की पुढचा.

हे आवाज येतात बाळाच्या झबल्यावर घातलेल्या बंडीच्या खिशातून. तळहातात मावणारा रेकॉर्डर सलग सोळा तास चालतो. आई-बाप त्याला विसरून जातात. खरं तर त्यांनी विसरावं हाच उद्देश असतो; दवाखान्यात अनोळखी ताईसमोर मूल गप्पच बसतं.

ऐकण्याचा एक नियम मला आधी विचित्र वाटला: मागे जाऊन पुन्हा ऐकायचं नाही. आवाज एकदाच कानावर पडतो, त्याच क्षणी तो काय होता ते ठरवायचं. मैत्रिणीचं उत्तर सरळ होतं. ‘‘आईला तरी घरी रिवाइंड कुठे असतं?’’ मूल बोलायला शिकतं ते आईच्या आणि आजीच्या कानांसमोर. त्या कानांना जे अक्षर वाटतं, तेच मोजायचं.

या पद्धतीमागे अमेरिकेतल्या किंब्रो ऑलर यांचं काम आहे. आधी मायामी आणि नंतर मेम्फिस इथल्या विद्यापीठांत त्यांनी बाळाच्या पहिल्या वर्षातल्या आवाजांचा क्रम लावला. पहिल्या दोन महिन्यांत घशातून निघणारे छोटे, अस्पष्ट स्वर. मग ‘अग्गू’सारखे आवाज. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नुसता खेळ: आवाज उंच चढवून बघायचा, खाली घोगरा करून बघायचा, थुंकी उडवत ओठ वाजवायचे. आणि साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान एक दिवस ‘बाबाबा’ किंवा ‘दादादा’.

घरच्यांना हा आधीच्याच आवाजांचा पुढचा भाग वाटतो, पण इथे मोठा फरक पडलेला असतो. ‘बा’ म्हणताना बंद ओठांपासून उघड्या स्वरापर्यंतचा बदल सेकंदाच्या आठव्या भागाहूनही कमी वेळात व्हावा लागतो. हाच बदल सावकाश झाला, तर ऐकणाऱ्याला अक्षर लागत नाही, नुसतं ओढलेलं ‘म्म्आऽऽ’ ऐकू येतं. जबडा, जीभ, ओठ आणि स्वरयंत्र यांची एवढी घट्ट सांगड घालायला मुलाला सहा-सात महिने लागतात. एकूण तुटक आवाजांत अशी खरी अक्षरं शंभरातली पंधरा-एक झाली, की मूल या टप्प्यावर पोचलं असं ऑलर आणि त्यांचे सहकारी मानतात.

आता मुख्य गोष्ट. ऑलर आणि रेबेका आयलर्स यांनी 1988 मध्ये ऐकू येणाऱ्या आणि तीव्र श्रवणदोष असलेल्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली. ऐकू येणारी बाळं सहा ते दहा महिन्यांत अक्षरांवर आली. न ऐकू येणाऱ्यांपैकी एकही अकराव्या महिन्याआधी आलं नाही. काहींना दुसरं वर्ष उलटावं लागलं. पण त्याआधीचं सगळं, हुंकार, किंचाळणं, फुर्र, बहिऱ्या मुलांनीही केलं होतं.

आपल्याकडे घात होतो तो इथेच. ‘‘आवाज काढतो की, मग बहिरा कसा असेल?’’ हे वाक्य मैत्रिणीला इतक्यांदा ऐकावं लागतं की ती आता त्यावर वादही घालत नाही. दुसरं वाक्य टाळीचं: ‘‘मागून टाळी वाजवली, वळला.’’ टाळीबरोबर सावली हलते, ताट आपटलं तर जमीन थरथरते. मूल वळतं, पण कानाने ऐकून वळलं असं त्यावरून म्हणता येत नाही.

तिसरी सबब शिकल्या-सवरल्या घरांतली: घरात मराठी, पाळणाघरात हिंदी, आई-बाबांचं आपसांत इंग्रजी, म्हणून गोंधळलंय. पुढे शब्द येताना काय होतं तो प्रश्न वेगळा, पण ‘बाबाबा’ला ही सबब लागू होत नाही. मायामीत इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही ऐकणाऱ्या बाळांवर याच गटाने अभ्यास केला, तेव्हा ती एकभाषी मुलांच्याच वेळेला अक्षरांवर आली होती.

दोष फक्त कानाचाच असतो असंही नाही. पुढे स्वमग्नता निदान झालेल्या मुलांचे नऊ ते बारा महिन्यांच्या वयातले घरगुती व्हिडिओ संशोधकांनी नंतर ऐकले, तेव्हा त्यांतही अशी अक्षरं कमी सापडली. मात्र यावरून एका मुलाचं निदान कुणी करू नये. उशिरा अक्षरांवर येऊन पुढे झकास बोलणारी मुलं असतात. हा फक्त इशारा आहे, आणि तो फुकट मिळतो.

सोळा तासांचं ध्वनिमुद्रण आता संगणकही चाळतो. 2010 मध्ये 232 मुलांची 1,486 दिवसभराची ध्वनिमुद्रणं यंत्राकरवी तपासून स्वमग्न, भाषा मागे पडलेली आणि सर्वसाधारण मुलं यांच्या आवाजांतले फरक दाखवले गेले. एवढा पसारा माणसाच्या कानाला झेपणारा नाही, हे खरं. तरी मला जास्त भावला तो ऑलर यांच्याच गटाचा एक साधा निष्कर्ष: मूल अक्षरांवर आलं की नाही, हे कुठलंही प्रशिक्षण नसलेल्या आई-वडिलांना नेमकं सांगता येतं. फक्त त्यांना नीट विचारावं लागतं. ‘‘बोलतो का?’’ असं विचारलं की ‘‘हो’’ येतं. ‘‘बाबाबा, दादादा, मामामा असं सलग म्हणतो का?’’ असं विचारलं की आई थबकते, आठवते आणि खरं सांगते.

वेळेचं महत्त्व किती, तर कोलोरॅडोत क्रिस्टीन योशिनागा-इतानो यांनी 1998 मध्ये दाखवलं की सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष कळून मदत सुरू झालेली मुलं भाषेत उशिरा कळलेल्यांच्या बरीच पुढे राहिली. म्हणजे दहाव्या महिन्याची खूणही तशी उशिराचीच. जन्मल्याबरोबर कानाची ओएई चाचणी झाली तर उत्तमच. ती झाली नसेल, किंवा झालेली असूनही दहा महिने उलटले आणि सलग ‘बाबाबा’ नाही, तर ‘‘याचे बाबाही उशिरा बोलले होते’’ हे आजीचं प्रमाणपत्र बाजूला ठेवा आणि ऑडिओलॉजिस्टकडे ‘बेरा’ या श्रवणचाचणीबद्दल विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून हेच काम करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष आणि भाषा मागे पडणं या दोन्हींची तपासणी येते, आणि त्यासाठीची जिल्हा पातळीवरची केंद्रं सरकारी आहेत. अंगणवाडीत पथक येईल तेव्हा हा प्रश्न त्यांनी विचारायची वाट पाहू नका, तुम्हीच सांगा.