मत्स्य-शाक संवर्धनातील नळ आणि जोडसामान

कोलकाता शहराची जमीन हुगळी नदीच्या काठाशी किंचित उंच असून तेथून ती पूर्वेकडे उतरत जाते. नदी पश्चिमेस आणि उतार पूर्वेस, अशी स्थिती असल्यामुळे शहराचे सांडपाणी पूर्वेच्या दलदलीकडे नेणे सोयीचे ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमिगत गटारांची योजना आखताना अभियंत्यांनी हाच उतार आधारभूत मानला. ज्या बिद्याधरी नदीत हे पाणी जाऊन मिळत असे ती कालांतराने गाळाने भरून आली व १९२८ साली ती मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. नदीतून येणारे भरतीचे खारे पाणी बंद झाले. त्यानंतरच्या काळात तेथील मच्छीमारांनी शहराचे सांडपाणी हिशेबाने तळ्यांत घेऊन त्यात रोहू, कटला आणि मृगळ हे गोड्या पाण्यातील मासे वाढविण्याची कला आत्मसात केली. या उथळ तळ्यांना बंगालीत 'भेरी' म्हणतात.

या व्यवस्थेतील पाण्याचा प्रवास पाहण्याजोगा आहे. शहरातील उदंचन केंद्रे सांडपाणी उचलून कालव्यांत टाकतात. पुढचा प्रवास मुख्यतः उताराने होतो. बंतला येथील दरवाजांच्या साहाय्याने कालव्यांतील पाण्याची पातळी उंच राखली जाते, आणि त्या उंचीच्या बळावर पाणी लहान चरांवाटे भेरींमध्ये शिरते. चराच्या तोंडाशी मासे निसटू नयेत म्हणून बांबूची जाळी असते. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश, शेवाळ आणि जीवाणू आपापले काम करतात; मैल्याचे माशांच्या अन्नात रूपांतर होते. भेरीतून बाहेर पडणारे पाणी भातशेतीला मिळते, तर जवळच्या धापा भागात शहराच्या कचऱ्यावर आणि याच पाण्यावर भाजीपाला पिकतो. राज्य सरकारच्या सेवेतील अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी १९८० नंतरच्या दशकात या व्यवस्थेचा अभ्यास करून तिचे महत्त्व जगापुढे मांडले. १९ ऑगस्ट २००२ रोजी या १२,५०० हेक्टर क्षेत्राचा समावेश रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ भूमींच्या यादीत झाला. वाढत्या शहराची बांधकामे मात्र या क्षेत्राच्या कडा सतत कुरतडत आली आहेत.

मासे आणि वनस्पती यांना एकाच पाण्यावर पोसण्याचे हे तत्त्व लहान प्रमाणावर घरच्या गच्चीवरही राबविता येते. त्यास 'ॲक्वापोनिक्स' असे नाव मिळाले आहे. मराठीत त्यास मत्स्य-शाक संवर्धन म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेत १९६९ साली स्थापन झालेल्या न्यू अल्केमी संस्थेने आणि पुढे व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठातील जेम्स रॅकोसी यांनी या पद्धतीस शास्त्रीय बैठक दिली. घरगुती व्यवस्थेत सांडपाणी अर्थातच वापरीत नाहीत. टाकीतील माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. खडीच्या वाफ्यात वसणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. वनस्पती ते नायट्रेट शोषून घेतात आणि निवळलेले पाणी माशांकडे परत येते. या चक्रात टाकी, वाफा आणि पंप यांकडे सर्वांचे लक्ष जाते. नळ आणि जोडसामान यांची निवड मात्र बहुधा घाईने, दुकानात हाती येईल त्यावर होते. प्रत्यक्षात मासे जगतील की नाही, हे बऱ्याच अंशी या निवडीवर अवलंबून असते.

याचे कारण साधे आहे. पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सियस असताना दर लिटर पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू विरघळू शकतो. थंड पाण्यात तो याहून अधिक मावतो. कोलकात्याच्या वैशाखात पंप बंद पडला की दाटीवाटीने ठेवलेले मासे हा साठा काही तासांतच संपवितात. १९७० ते १९९० या काळातील वीजकपात आता मागे पडली असली, तरी वादळे टळलेली नाहीत. २० मे २०२० रोजी आलेल्या अम्फान चक्रीवादळानंतर शहराच्या काही भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. म्हणून प्रत्येक नळ बसविताना एकच प्रश्न विचारावा: वीज गेली किंवा हा नळ फुटला, तर माशांपाशी किती पाणी उरेल?

रचना

भेरींनी घालून दिलेला धडा असा की पाणी एकदाच उचलावे आणि पुढे ते उताराने जाऊ द्यावे. घरगुती व्यवस्थेत सर्वांत खाली एक लहान हौद ठेवून पंप त्यात बसवावा. तेथून पाणी माशांच्या टाकीत चढवावे, टाकीतून ते आपोआप वाफ्यात आणि वाफ्यातून पुन्हा हौदात यावे. पंप माशांच्या टाकीत न ठेवण्याचा लाभ असा की चढती नळी कोठेही फुटली तरी रिकामा होईल तो हौद. टाकीतील पाणी जागच्या जागी राहील. हौदात मात्र इतकी मोकळी जागा हवी की पंप थांबल्यावर वाफ्यातून झिरपणारे सर्व पाणी त्यात सामावले जाईल.

टाकीतील पाण्याची पातळी उभ्या नळीने ठरते. तळाशी टँक निपल बसवून त्यावर हव्या त्या उंचीची नळी उभी केली की तिच्या वरच्या तोंडाखाली पाणी उतरू शकत नाही. परंतु या नळीवाटे वरचे स्वच्छ पाणी जाते आणि गाळ तळाशी साचतो. त्यावर उपाय म्हणून तिच्याभोवती दुसरी, अधिक व्यासाची आणि पाण्याबाहेर डोके काढणारी नळी उभी करावी व तिच्या तळाकडील भागात करवतीने खाचा पाडाव्यात. मग पाणी तळाकडून गाळासह आत शिरते, पातळी मात्र आतल्या नळीच्या उंचीनेच निश्चित होते.

चढत्या नळीचे वरचे तोंड टाकीतील पाण्यात बुडालेले ठेवू नये. ते बुडालेले असेल तर वीज जाताच वक्रनलिकेच्या न्यायाने पाणी उलटे वाहू लागते आणि टाकी रिकामी होत जाते. तोंड पातळीच्या वर ठेवावे, किंवा पातळीच्या किंचित वर नळीला एक बारीक छिद्र पाडावे. त्यातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. एकमार्गी व्हॉल्व्ह हेच काम करतो, पण गाळाचा एखादा कण त्यात अडकला तर तो पुरता मिटत नाही. छिद्र मात्र अधूनमधून काडीने साफ केले की पुरते.

व्यास

समजा, टाकी ५०० लिटरची आहे. तासाला एकदा सर्व पाणी फिरावे हा सामान्य संकेत धरला, तर तासाला ५०० लिटर पाणी वर जावयास हवे. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा बहुधा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर उंचीवर त्यातील बराच भाग गळून पडतो. म्हणून पंपासोबत मिळणारा उंची आणि प्रवाह यांचा तक्ता पाहूनच तो घ्यावा. इतक्या प्रवाहाला २५ मिलिमीटरची चढती नळी पुरते. २० मिलिमीटरची नळीही चालते, परंतु तिच्यात घर्षण वाढते आणि त्याचे मोल दर महिन्याच्या वीजबिलात मोजावे लागते.

परतीच्या नळीचे गणित वेगळे आहे. तिला पंपाचे बळ नसते. असतो तो काही सेंटीमीटरांचा उतार. शिवाय तिच्यातून गाळ, मुळांचे तंतू आणि गळालेली पाने येतात. व्यास दुप्पट केला की नळीचे छेदक्षेत्र चौपट होते, आणि घर्षण कमी झाल्यामुळे त्याच उतारावर प्रवाह पाच ते सहा पट होऊ शकतो. यास्तव परतीसाठी ५० मिलिमीटरची नळी घ्यावी आणि तिला दर मीटरमागे १ ते २ सेंटीमीटर उतार द्यावा. नळीला दर मीटरला क्लॅम्पचा आधार हवा. मध्ये झोळ पडला तर तेथे गाळ बसतो, तो प्राणवायूवाचून कुजतो आणि पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो.

तोंडाशी जाळी अवश्य असावी, पण तिच्या भोकांचे एकूण क्षेत्र नळीच्या छेदाच्या कितीतरी पट असावे. नाहीतर एखादे पान तिला बुजविते. बंगालमध्ये जिवंत विकले जाणारे कोई, मागुर व शिंगी हे मासे हवेतूनही श्वास घेतात. वीज जाण्याची भीती असेल तेथे ते सोयीचे ठरतात. मात्र कोई चढून निसटण्यात पटाईत असतो, हे विसरू नये.

पदार्थ

तांबे माशांना अल्प प्रमाणातही विषारी असते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपातून जस्त उतरते, पितळेच्या चाव्यांतून तांबे आणि जस्त दोन्ही. मत्स्य-शाक संवर्धनात जीवाणूंच्या कार्यामुळे पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जाते आणि आम्लधर्मी पाण्यात धातू अधिक विरघळतात. म्हणून घरात पडून असलेला जुना जी. आय. पाइप किंवा पितळी नळ वापरण्याचा मोह टाळावा. एखादीच पितळी चावी आहे, तिने काय होणार, असे वाटते. परंतु तेच पाणी दिवसभर पुनःपुन्हा तिच्यातून जाते, हे ध्यानात घ्यावे.

कडक पी.व्ही.सी. पाइप स्वस्त, हलका आणि जोडण्यास सोपा असतो. पिण्याच्या पाण्याच्या पाइपावर भारतीय मानक ४९८५ चा निर्देश असतो, तर सांडपाणी व पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या पाइपावर १३५९२ चा. माशांच्या पाण्यासाठी पहिला घ्यावा. पूर्वी पी.व्ही.सी. टिकाऊ व्हावे म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळीत. २०२१ साली केंद्र सरकारने त्याविषयी नियम केले आहेत. म्हणून जुना साठा किंवा मानकचिन्ह नसलेला माल घेऊ नये. घरगुती व्यवस्थेत दाब इतका अल्प असतो की सर्वांत हलक्या वर्गाचा पाइपही तो सोसतो. पण गच्चीवर पाय पडून किंवा उन्हाने ठिसूळ होऊन पातळ पाइप तडकतो. मध्यम वर्गाचा पाइप घेणे शहाणपणाचे.

पारदर्शक नळी दिसावयास छान असली तरी तिच्यात प्रकाशामुळे शेवाळ माजते. पांढऱ्या पी.व्ही.सी.वरही उन्हाचा परिणाम होतो. बाहेरून फिकट रंगाचा हात दिला की पाइप टिकतो आणि पाणीही फार तापत नाही. काळा एच.डी.पी.ई. पाइप उन्हात चांगला टिकतो, पण स्वतः तापतो. त्याला सावलीतून न्यावे.

जोड

प्रत्येक एल्बो प्रवाहाला अडवितो. परतीच्या मार्गावर ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बसविले तर पाणी सहज वळते आणि गाळ अडत नाही. वळणाच्या जागी टी बसवून तिचे एक तोंड झाकणाने बंद केले, तर ते झाकण काढून आत तार घालता येते. पंपाच्या दोन्ही अंगांस आणि प्रत्येक चावीजवळ युनियन असावा, म्हणजे दुरुस्तीसाठी पाइप कापावा लागत नाही. ज्या जोडांवर दाब नाही आणि जे हौदाच्या किंवा टाकीच्या वरच आहेत, ते सोल्युशन न लावता नुसते घट्ट बसवावेत. गळालेला थेंब पुन्हा पाण्यातच पडतो. आट्यांच्या जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळावी. चढत्या मार्गावर टी बसवून एक शाखा परत हौदात सोडावी व तिच्यावर चावी ठेवावी. प्रवाह कमी करावयाचा झाल्यास पंपाची कोंडी न करता जादा पाणी या शाखेने उतरते आणि पडताना हवाही मिसळते. माशांच्या टाकीतून निघणाऱ्या परतीच्या मार्गावर मात्र चावी बसवू नये. ती चुकून बंद राहिली तर टाकी ओसंडते आणि हौद कोरडा पडून पंप जळतो.

सोल्युशन बेताने लावावे, जोड एक दिवस सुकू द्यावेत आणि पहिले पाणी फेकून द्यावे. सिलिकॉन वापरावयाचे तर बुरशीनाशक नसलेले, मत्स्यालयासाठीचेच घ्यावे.

मासे सोडण्यापूर्वी

पाण्याचे वजन लिटरला एक किलोग्रॅम. टाकी, खडी आणि हौद मिळून भार सहज एक टनापलीकडे जातो. जुन्या कोलकात्यातील कडी-बरग्यांच्या छतावर असा भार अभियंत्याच्या सल्ल्यावाचून ठेवू नये.

सर्व जोडून झाल्यावर मासे न सोडता व्यवस्था काही दिवस चालवावी आणि मग परीक्षा घ्यावी. प्रथम चालू पंप बंद करून तासभर पाहावे: हौद ओसंडला का, टाकीतील पाणी ठरलेल्या पातळीवर थांबले का? नंतर चढती नळी युनियनपाशी सोडवून पंप चालू करावा व हौद रिकामा होण्याच्या बेतात तो बंद करावा. टाकीतील पाणी तसूभरही उतरता कामा नये. शेवटी परतीच्या जाळीवर मूठभर पाने टाकावीत आणि टाकी काठापर्यंत चढते का ते पाहावे. चढत असेल तर जाळी मोठी करावी, किंवा थोड्या उंचीवर दुसरी उभी नळी बसवून जादा पाण्याला वाट द्यावी.

या तीन परीक्षांत उतरलेल्या व्यवस्थेत वीज गेल्यावरही माशांपाशी पाणी राहते. मग उरते ते पाणी हवेशीर ठेवण्याचे काम, आणि तेवढ्यापुरता बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप किंवा घरच्या माणसाने तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहणेही उपयोगी पडते. टाकीच रिकामी झाली, तर मात्र यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही.