भिंतीवरचे चित्र आणि शेजारचे कार्ड

कलामहाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. चित्राच्या उजवीकडे, साधारण छातीच्या उंचीवर एक पांढरे कार्ड चिकटवलेले असते. त्यावर विद्यार्थ्याचे नाव, माध्यम, आकार आणि त्याखाली आठ-दहा ओळींचा एक परिच्छेद असतो. कोणी त्याला 'कन्सेप्ट नोट' म्हणते, कोणी 'स्टेटमेंट'. परीक्षक मात्र तोंडी परीक्षेत सरळ विचारतात, "तुझी प्रेरणा काय?" मी कलेचा इतिहास शिकवते, त्यामुळे अशी कार्डे मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. विस्थापन, अस्मिता, स्मृती, अवकाश, शरीर हे पाच-सहा शब्द इतक्या कार्डांवर भेटतात की कार्डांची अदलाबदल केली तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. चित्रांची अदलाबदल मात्र करता येत नाही. चित्र आणि कार्ड यांच्यातल्या या अंतरामुळेच पदवीच्या उंबरठ्यावरच्या विद्यार्थ्याचे चित्र खरोखर कुठून येते, हे तपासावेसे वाटले. त्यासाठी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या इतिहासासारखे दुसरे साधन नाही.

ही शाळा १८५७ साली सुरू झाली, तीही सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. सुरुवातीच्या काळात 'प्रेरणा काय?' हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण उत्तर शाळेनेच देऊन ठेवले होते. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिक्षणपद्धती इथे आली होती. ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवायच्या आणि छायाप्रकाश जुळेपर्यंत रेखाटत बसायचे. लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक १८६५च्या सुमारास आले, तेव्हा मुंबईत मोठमोठ्या इमारती उठत होत्या. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, दगडी सजावटीत याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. लोकल पकडायच्या घाईत आपण त्या पानाफुलांकडे आणि पशुपक्ष्यांकडे मान वर करून पाहत नाही, हा भाग वेगळा.

ग्रिफिथ्सने १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेले. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे हे काम १८८५ पर्यंत चालले. त्यांतल्या बऱ्याच प्रतिकृती लंडनला पाठवल्यावर तिथल्या आगीत जळाल्या. या मोहिमेतला एक विद्यार्थी म्हणजे पेस्तनजी बोमनजी. ज्याने तारुण्यातली वर्षे बोधिसत्त्वांच्या रेषा गिरवण्यात घालवली, त्याची पुढची चित्रे अजिंठ्यासारखी असतील असे कोणालाही वाटेल. पेस्तनजी पुढे नावारूपाला आले ते व्यक्तिचित्रांमुळे आणि पारशी घरांच्या आतल्या दृश्यांमुळे. खिडकीतून येणारा उजेड, घरातली वडीलधारी माणसे, पोपटाला भरवणारी स्त्री. तंत्र युरोपीय तैलरंगाचे आणि विषय स्वतःच्या दिवाणखान्यातला. अजिंठ्याने त्यांना पाहण्याची चिकाटी दिली असेल, विषय दिला नाही. प्रेरणा आणि तालीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे पहिल्यांदा लख्ख दिसते. कार्ड लिहिणारे विद्यार्थी नेमका इथेच घोटाळा करतात. ज्यांची चित्रे अभ्यासली त्यांची नावे ते प्रेरणा म्हणून देऊन टाकतात.

विद्यार्थिदशेतल्या कामाचे सगळ्यात गाजलेले उदाहरण गणपतराव म्हात्रे यांचे आहे. १८९६च्या सुमारास, शाळेत शिकत असतानाच, त्यांनी देवळाकडे निघालेल्या एका तरुणीचा पुतळा प्लास्टरमध्ये केला. तो आपण 'मंदिरपथगामिनी' या नावाने ओळखतो. नऊवारी नेसलेली, हातात पूजेचे साहित्य घेतलेली आणि पाऊल पुढे पडता पडता थबकलेली ही मुलगी तेव्हाच्या कोणत्याही मराठी घरातली वाटावी. भारतीयांना ललित शिल्पकला साधतच नाही असे म्हणणाऱ्या जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या माणसानेही या शिल्पाचे कौतुक केले. रवींद्रनाथ टागोरांनी बंगालीत त्यावर लेख लिहिला. एका विद्यार्थ्याच्या कामावर एवढी चर्चा त्यानंतर क्वचितच झाली असेल.

या चर्चेचा रोख मात्र आजच्या कार्डांसारखाच होता. ही ग्रीक की भारतीय? वस्त्राच्या चुण्या पाहा, शरीराचा तोल पाहा, शाळेतल्या प्लास्टरच्या देवतांचे संस्कार स्पष्ट आहेत. पण नऊवारीचा काष्टा कुठल्याही ग्रीक मूर्तीवरून उतरवता येत नाही. मांड्यांवर लुगडे कसे ताणले जाते, निऱ्या कुठे सैल पडतात, हे घरात वावरणाऱ्या बायकांकडे वर्षानुवर्षे पाहिलेल्या डोळ्यालाच माहीत असते. मला हे शिल्प मोठे वाटते ते याच कारणासाठी. शाळेने दिलेली वस्त्ररचनेची शिस्त आणि घराने दिलेले लुगडे यांचा सांधा त्यात कुठे दिसत नाही. म्हात्र्यांना कार्ड लिहायला लावले असते तर त्यांनी काय लिहिले असते, असा प्रश्न मनात येतो. बहुधा 'देवळात जाणारी मुलगी' एवढेच.

विसाव्या शतकात प्रेरणा हा राजकीय प्रश्न बनला. बंगालमध्ये अवनींद्रनाथ आणि त्यांच्या शिष्यांनी स्वदेशी चित्रकलेचा झेंडा उभारला होता आणि मुंबईची शाळा परकीय वळणाची म्हणून हिणवली जात होती. १९१९ मध्ये प्राचार्य झालेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी यावर दुहेरी तोडगा काढला. एकीकडे जिवंत मॉडेलवरून मानवी देहाचा अभ्यास पक्का केला, दुसरीकडे भित्तिचित्रांचा वर्ग काढून विद्यार्थ्यांना भारतीय विषय आणि अलंकरण यांकडे वळवले. १९२४च्या वेम्बली प्रदर्शनातली 'इंडियन रूम' आणि पुढे नव्या दिल्लीच्या सचिवालयातली भित्तिचित्रे या वर्गाच्या विद्यार्थ्यांनी केली. ती पाहताना हात सफाईदार वाटतो आणि मन मात्र कुठे गुंतत नाही. भारतीयत्व विषयपत्रिकेत लिहून दिले की असे होते. माझे मत थोडे कठोर असेल, पण त्या चित्रांतल्या रागिण्यांपेक्षा धुरंधरांनी रेखाटलेल्या मुंबईच्या रस्त्यावरच्या बायका मला जास्त भारतीय वाटतात. कोल्हापूरहून १८९० मध्ये या शाळेत आलेल्या धुरंधरांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन मराठीत लिहून ठेवले. विद्यार्थी म्हणून येऊन शिक्षक झालेल्या माणसाची नजर त्यात आहे, म्हणून प्रत्येक कलाविद्यार्थ्याने ते वाचावे असे मी दरवर्षी सांगते. वाचतात फार थोडे.

सॉलोमनच्या काळातून टिकाऊ काही उरले असेल तर ते जगन्नाथ अहिवासी यांच्या भारतीय चित्रकलेच्या वर्गात. लघुचित्रांची रेषा आणि सपाट रंगक्षेत्र यांचा तिथे सराव होई. वासुदेव गायतोंडे याच परंपरेतून गेले. गोव्याच्या कुटुंबात नागपूरला जन्मलेल्या गायतोंड्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. त्यांच्या त्या काळातल्या चित्रांत माणसे आहेत, ठसठशीत रेषा आहे आणि लघुचित्रांतले रंगांचे सपाट पट्टे आहेत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत माणसे गेली, रेषाही गेली, उरला तो एका रंगाचा खोल थर. अखेरच्या वर्षाच्या परीक्षकाला यातले काहीच दिसले नसणार. आणि तरीही रंगाचे सपाट क्षेत्र ही स्वतंत्र वस्तू आहे हा धडा त्यांनी त्या लघुचित्रांतच गिरवला असावा, असे मला वाटते.

त्याच दशकात शाळेच्या भिंतीबाहेर दुसरी शाळा भरत होती. नाझींमुळे युरोप सोडून मुंबईत आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि समीक्षक रूडी फॉन लायडन यांच्याभोवती तरुण चित्रकार जमत. तिथे त्यांना युरोपातली आधुनिक चित्रे छापील रूपात पाहायला मिळत आणि त्यांवर मनमोकळे बोलता येई. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. आज मुले मोबाइलवर जगभरची चित्रे पाहतात म्हणून आपण नाक मुरडतो, पण पुस्तकात पाहिलेल्या सेझानवरून शिकणे आणि पडद्यावर पाहून शिकणे यात तत्त्वतः फार फरक नाही. फरक चर्चेचा आहे. चित्र पाहिल्यावर तासभर भांडायला समोर कोणी असणे, हे मोबाइल देत नाही.

आता एका दुर्लक्षित उगमाविषयी. महाराष्ट्रातून कलामहाविद्यालयात येणारी बहुसंख्य मुले एका अरुंद दारातून येतात. ते दार म्हणजे शाळेतल्या ड्रॉइंगच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन हे शब्द ज्यांनी शाळेत ऐकले त्यांना पोस्टर कलरचा वास लगेच आठवेल. तालुक्याच्या गावी, चित्राचे एकही संग्रहालय जवळ नसताना, एका ड्रॉइंग मास्तरांनी आपला रविवार खर्चून शिकवलेले असते. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना मुंबई-पुण्याच्या कलाशाळेपर्यंत पोहोचवले, हे ऋण मोठे आहे. पण स्मरणचित्र या विषयाची एक गंमत आहे. 'आठवडे बाजार' किंवा 'बसस्टॉप' असा विषय आला की मुले स्वतःच्या गावचा बाजार आठवत नाहीत, परीक्षेतला बाजार काढतात. पुढे छत्री धरलेली बाई, मागे झाड, डाव्या कोपऱ्यात केळीवाला. रचना पाठ केलेली असते आणि गुण तिलाच मिळतात. स्मरण नावाच्या विषयातून स्मरण गाळून टाकले जाते. पुढे कलाशाळेत गेल्यावर स्वतःच्या गावचा बाजार परत शोधून काढायला दोन-तीन वर्षे लागतात, काहींना तो सापडतच नाही. ती मुले कार्डावर 'ग्रामीण जीवन' लिहितात.

काही वर्षांपूर्वीच्या एका प्रदर्शनात मुद्राचित्रांची एक मालिका होती. काळसर करड्या रंगात गोल भोके, कडांना वेडेवाकडे दात आणि मधोमध तेलाच्या डागासारखा गडद ठसा. शेजारच्या कार्डावर इंग्रजीत शहरी माणसाच्या परात्मतेविषयी जडशीळ मजकूर होता. मी त्या मुलाला विचारले, "हे आकार कसले रे?"

तो जरा ओशाळला. "मॅडम, ते इंजिनचं पॅकिंग आहे. बाबांचं गॅरेज आहे मिरजेला. जुनी पॅकिंगं फेकून देतात ना, ती मी पुठ्ठ्यावर चिकटवून प्लेट केली."

"मग कार्डावर हे का नाही लिहिलंस?"

"त्याला प्रेरणा कसं म्हणणार, मॅडम?"

पुढे दहा मिनिटे तो जे बोलला ते माझ्या त्या वर्षीच्या सगळ्या तासांपेक्षा मोलाचे होते. पॅकिंग दोन धातूंच्या मध्ये दाबले जाते आणि त्या दाबाचा नकाशा त्याच्यावर उमटतो, म्हणजे ते काढले जाते तेव्हाच एक छापील चित्र असते. ते परत यंत्राखाली दाबले की दाबाचा ठसा दाबानेच उमटतो. मुद्राचित्रणाच्या माध्यमाविषयी इतके नेमके विधान मी पुस्तकात वाचलेले नाही. पण परीक्षकांनी वाचले ते कार्ड, आणि त्यांनी प्रश्न विचारले ते परात्मतेवर. मुलगा अडखळला. त्याला मिळालेले गुण बेताचे होते.

दोष एकट्या मुलाचा नाही. कार्ड इंग्रजीत असले तर काम गंभीर, आणि प्रेरणा अमूर्त असली तर ती मोठी, असा एक अलिखित नियम होऊन बसला आहे. वास्तविक आपल्याकडे याच्या नेमके उलटे उदाहरण आहे. प्रभाकर बरवे अलिबागजवळच्या नागावचे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर त्यांच्या नात्यातले. १९५९ मध्ये ज. जी.तून बाहेर पडल्यावर त्यांनी वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली आणि त्या निमित्ताने काही वर्षे बनारसला राहिले. तिथल्या तांत्रिक प्रतिमांचा प्रभाव त्यांच्या त्या काळच्या कामावर आहे, आणि कार्डावर लिहायला तो फार सोयीचाही आहे. पण बरवे तिथे थांबले नाहीत. घड्याळ, पान, सफरचंद, सेफ्टी पिन अशा घरगुती वस्तू त्यांच्या चित्रांत एकेकट्या येऊन राहू लागल्या. ते रोजनिशी लिहीत, त्यात रेखाटने करीत, आणि एखादी वस्तू पाहताना मनात काय हलले याची नोंद साध्या मराठीत ठेवीत. १९९० मध्ये आलेल्या 'कोरा कॅनव्हास'मध्ये हीच विचार करण्याची रीत आहे. त्यात वस्तूकडून विचाराकडे प्रवास होतो, आणि जड शब्दांची गरज पडत नाही.

सय्यद हैदर रझा यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. लहानपणी मंडला जिल्ह्यातल्या शाळेत चंचल मुलाचे मन ठरावे म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. रझा १९४३ ते १९४७ मध्ये ज. जी.त शिकले तेव्हा ते निसर्गदृश्ये आणि मुंबईचे रस्ते रंगवत होते. ते १९५० मध्ये फ्रान्सला गेले, आणि बिंदू त्यांच्या कॅनव्हासच्या मध्यभागी ठाम बसला तो १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे पदविका घेताना त्यांच्या आयुष्यातली ती घटना घडून गेलेली होती, आणि तरीही प्रेरणेच्या रकान्यात ती लिहिण्याजोगी नव्हती.

म्हणून आमच्या विभागात मी एक लहानसा बदल सुचवला आहे, आणि तो अजून मंजूर झालेला नाही. कार्डावर प्रेरणेचा रकाना ठेवू नये. त्याऐवजी तीन साधे प्रश्न असावेत. हे कशापासून केले? ती वस्तू तुझ्याकडे कुठून आली? करताना काय बिघडले आणि त्याचे तू काय केलेस? उत्तरे ज्या भाषेत विद्यार्थी घरी बोलतो त्या भाषेत लिहिली तरी चालावीत. बैठकीत एका सहकाऱ्याने विचारले की बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना मराठी वाचता आले नाही तर काय करायचे. मी म्हटले, मुलगा शेजारीच उभा असतो, त्याला विचारावे.